दीपिकाला चार ऑलिम्पिकमध्ये पदक नाही, मग आमच्या लेकीचं काय?

पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही इंदूरचे, सुदामा नगरात राहतो. माझी मुलगी दहावीत आहे. पाचवीत असताना शाळेत बांबूच्या धनुष्यावर इंडियन राउंड खेळायला लागली, दोन वर्षांपूर्वी रिकर्व्हवर, म्हणजे दीपिका कुमारी वापरते तसल्या धनुष्यावर आली. धनुष्य आम्ही एका सीनियर मुलीचं जुनं घेतलं. मागच्या वर्षी शालेय राज्य स्पर्धेत रौप्यपदक मिळालं, गणपतीत मंडळाने सत्कार केला. या वर्षी मात्र क्वालिफिकेशनला तिसरी येऊन पहिल्याच मॅचला बाहेर पडली आणि तेव्हापासून बिनसलंय. धनुष्य ओढून धरते, पण बाण सुटतच नाही, नाहीतर फार लवकर सुटतो. घरी येऊन रडते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटे मैदानावर. ६० मीटरवर ७२० पैकी ६१० च्या आसपास स्कोअर आहे. सर म्हणतात, जबलपूरच्या अकादमीची ट्रायल द्या किंवा सरळ कंपाउंडला, म्हणजे चाकं बसवलेल्या धनुष्याकडे वळवा. तिचे बाबा म्हणतात, अकरावीला बायो घेऊन भंवरकुआँला नीटचा क्लास लावू. दीपिका कुमारी चार ऑलिम्पिक खेळून रिकाम्या हाताने परत आली, तिथे आपण कोण? सासूबाई म्हणतात, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नका. आता नाही पाठवलं तर संधी कायमची जाईल का? आणि हो, तिला नुकताच चष्मा लागलाय. त्याने काही बिघडेल का?
एक आई, इंदूर

उत्तर:

नमस्कार. तुमच्या पत्रातलं एक लहानसं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: ‘दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटे मैदानावर.’ हरल्यावर रडणारी मुलं पुष्कळ असतात. बाण सुटत नाही हे माहीत असूनही दुसऱ्या दिवशी आपणहून उठून जाणारी फार थोडी. तुमचा निर्णय काहीही होवो, ही गोष्ट हिशेबात धरा.

आधी बाबांच्या म्हणण्याकडे येते, कारण घरातला सगळा वाद त्याच्यावरच उभा आहे. दीपिका चार ऑलिम्पिक खेळली हे खरं, पदक नाही हेही खरं. पण आपण तिरंदाजी चार वर्षांतून एकदा टीव्हीवर बघतो, म्हणून आपल्याला तिची तेवढीच कारकीर्द दिसते. रांचीजवळच्या रातू गावातली ही मुलगी, वडील रिक्षा चालवायचे. २००५ मध्ये ती खरसावांच्या अकादमीत गेली, २००६ मध्ये जमशेदपूरला टाटा अकादमीत. २००९ मध्ये अमेरिकेतल्या ऑग्डेनला कॅडेट गटाची जगज्जेती झाली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन सुवर्णं घेतली तेव्हा ती सोळा वर्षांची होती, म्हणजे तुमच्या लेकीच्याच वयाची. २०१२ मध्ये जागतिक क्रमवारीत पहिली. आणि त्याच वर्षी लंडन ऑलिम्पिकला ब्रिटनच्या एमी ऑलिव्हरकडून पहिल्याच फेरीत हरून बाहेर.

हे लंडनचं लेकीला जरूर सांगा. जगात पहिल्या नंबरवर असताना पहिल्या मॅचला बाहेर. राज्य स्पर्धेत तिसरी येऊन पहिल्या मॅचला बाहेर पडण्याचं दुःख त्याने कमी होणार नाही, पण आपल्यात काहीतरी विचित्र खोट आहे असं जे तिला आता वाटत असेल, ते जाईल.

लंडननंतर दीपिकाने धनुष्य ठेवलं नाही. २०११ मध्ये तुरिनला मिळालं होतं तसं जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतलं सांघिक रौप्य तिने २०१५ मध्ये कोपनहेगनला पुन्हा मिळवलं. जून २०२१ मध्ये पॅरिसच्या विश्वचषकात एकाच दिवशी तीन सुवर्णं घेऊन ती परत क्रमवारीत पहिली झाली. टोकियोत उपांत्यपूर्व फेरीत कोरियाच्या आन सानकडून हरली. डिसेंबर २०२२ मध्ये मुलगी झाली. बाळंतपणानंतर पूर्वीचं धनुष्य ओढणंही जड जात होतं आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेच्या संघात ती नव्हती. एप्रिल २०२४ मध्ये शांघायला विश्वचषकात रौप्य. त्याच वर्षी पॅरिस ऑलिम्पिकच्या उपांत्यपूर्व फेरीत कोरियाच्या नाम सू-ह्यॉनविरुद्ध ४-२ अशी पुढे होती, ४-६ अशी हरली. ती हार मला आजही बोचते. आणि मग ऑक्टोबरमध्ये विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेत रौप्य, त्या स्पर्धेतलं तिचं पाचवं. मध्ये २०१२ चा अर्जुन पुरस्कार आणि २०१६ ची पद्मश्री आहेच. याला कुणी रिकाम्या हाताने येणं म्हणत असेल, तर हात भरल्याचं माप काय धरायचं?

अर्थात दीपिकाला मिळालं म्हणून तुमच्या मुलीलाही मिळेल, असं मी मुळीच म्हणत नाही. शेकडो मुलींमधून एखादी तिथवर पोचते आणि बाबांची भीती पोकळ नाही. तिची कारकीर्द इतकी सांगितली ती वेगळ्या कारणाने. या खेळात वर्षं भरपूर असतात. सिक्कीमचा तरुणदीप राय २००४ मध्ये अथेन्सला विशीत ऑलिम्पिक खेळला आणि २०२४ मध्ये पॅरिसला चाळिशीत. जिम्नॅस्टिक्स किंवा पोहण्यात सोळावं वर्ष उशिराचं ठरू शकतं, तिरंदाजीत नाही. तुम्ही विचारता, आता नाही पाठवलं तर संधी कायमची जाईल का. नाही जाणार. नीटलाही आता वरची वयोमर्यादा नाही. दोन्हीकडची दारं या जूनमध्येच बंद होणार आहेत असं धरून घरात जी घाई चालली आहे, ती आधी थांबवा.

आता मॅचबद्दल, कारण तुमच्या घरी ती नीट कळलेली दिसत नाही, आणि मंडळातल्या सत्कारवाल्यांना तर नाहीच. क्वालिफिकेशनला ७२ बाण असतात, त्यात एखाददुसरा वाईट बाण पचून जातो. मॅचमध्ये तीन-तीन बाणांचे सेट, सेट जिंकला की दोन गुण, बरोबरीला एक, आधी सहा गुण करेल तो पुढे. म्हणजे जास्तीत जास्त पंधरा बाण, ५-५ बरोबरी झाली तर निकालाचा आणखी एक, आणि एका सेटमध्ये एक बाण सातला गेला की बहुधा तो सेट गेलाच. त्यामुळे तिसरी आलेली मुलगी तिसाव्या नंबरच्या मुलीकडून हरू शकते. तुमची लेक खरोखर किती पाण्यात आहे हे एका मॅचवरून कळत नाही, ७२ बाणांच्या स्कोअरवरून कळतं.

मात्र बाण न सुटण्याची गोष्ट मॅचपेक्षा गंभीर आहे, आणि तिच्यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे. याला तिरंदाज टार्गेट पॅनिक म्हणतात. रिकर्व्ह धनुष्यावर क्लिकर नावाची पातळ पट्टी असते. बाण पूर्ण ओढला गेला की ती टोकावरून सुटून टक् वाजते आणि मग बोटं सोडायची. पॅनिकमध्ये शेवटचे दोन-तीन मिलिमीटर ओढलेच जात नाहीत, शरीर तिथे अडकून बसतं. किंवा निशाण टार्गेटच्या मधल्या पिवळ्यावर आलं की टक् वाजायच्या आधीच बोटं सुटतात. जगातल्या मोठमोठ्या खेळाडूंना हे झालेलं आहे. ‘मन घट्ट कर’ सांगून ते जात नाही, उलट वाढतं. तेव्हा घरात कुणीही तिला ते सांगू नका.

पण मनाकडे जाण्याआधी धनुष्य तपासा. तुम्ही लिहिता, धनुष्य एका सीनियर मुलीचं आहे. त्याचे लिंब (धनुष्याच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या पट्ट्या) त्या मुलीच्या ताकदीचे असणार, बाणांची लांबी तिच्या हाताच्या ओढीची असणार आणि क्लिकरही त्यानुसार बसवलेला असणार. तुमच्या मुलीची ओढ तेवढी नसेल, तर क्लिकर वाजवण्यासाठी तिला प्रत्येक बाणाला स्वतःच्या खांद्याशी झगडावं लागतं. दिवसाला दीडशे-दोनशे बाण असं महिनोन्‌महिने केलं की शरीर त्या टक्‌लाच घाबरायला लागतं. उलटंही असू शकतं: या दोन वर्षांत तिची उंची वाढली, ओढ बदलली आणि जुळणी मात्र जुनीच राहिली. सरांना सांगा, तिची ओढ नव्याने मोजा आणि बोटांवर किती पाउंड येतात ते तराजू लावून बघा. पाउंडेज, म्हणजे ओढायला लागणारा हा जोर, जास्त निघाला तर हलके लिंब लावा, पुन्हा वाढवताना दोन-दोन पाउंडांनीच वाढवा. तिचा खांदा दुखतो का, हेही शांतपणे विचारून घ्या. मुली सांगत नाहीत, बाहेर बसवतील म्हणून.

जुळणी ठीक निघाली किंवा ठीक करून झाली, की काही आठवडे टार्गेटचा कागदच काढून टाका. चार-पाच मीटरवरून नुसत्या गादीवर बाण मारायचे. स्कोअर नाही, पिवळा नाही, कधी डोळे मिटूनसुद्धा. मध्येमध्ये पूर्ण ओढायचं, क्लिकर वाजू द्यायचा आणि बाण न सोडता धनुष्य खाली घ्यायचं, म्हणजे टक् आणि सुटणं यांची गाठ सैल होते. मग दहा मीटर, अठरा, तीस. सर या महिन्यांत स्पर्धेला न्यायला बघतील तर नम्रपणे नाही म्हणा. एक स्पर्धा चुकल्याने काही होत नाही.

म्हणूनच कंपाउंडला वळवण्याची घाई मला पटत नाही. कंपाउंड हा कमी प्रतीचा खेळ म्हणून नव्हे. साताऱ्याची अदिती स्वामी ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी जगज्जेती झाली ती कंपाउंडमध्येच, आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० मारून पुरुषांचं अजिंक्यपद घेतलं. आपल्या जबलपूरच्या मुस्कान किरारला २०१८ च्या आशियाई स्पर्धेतलं सांघिक रौप्य मिळालं तेही कंपाउंडमध्ये. २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकपासून कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धाही सुरू होते आहे. पण तिथेही बाण सोडायला हातातल्या छोट्या उपकरणाची कळ दाबायची असते आणि पॅनिक तिथेही गाठतं. शिवाय आताचा रिकर्व्हचा संच बाजूला ठेवून सगळा खर्च नव्याने करायचा. आधी हा आजार बरा होऊ द्या. त्यानंतर तिने एक-दोन महिने कुणाचं कंपाउंड उसनं घेऊन मारून बघावं आणि ते तिला मनापासून आवडलं, तर जाऊ द्या. पळ काढायला म्हणून नको.

आता ६१०. हा आकडा मला आवडला, कारण तुम्ही तो खरा लिहिला आहे. पालक बहुधा सर्वांत चांगला एक स्कोअर सांगतात. पॅरिस ऑलिम्पिकच्या क्वालिफिकेशनला कोरियाच्या लिम सी-ह्यॉनने ६९४ चा विश्वविक्रम केला. आपली अंकिता भकत ६६६ वर होती, दीपिका ६५८. हे सगळं ७० मीटरवर. तुमची लेक ६० वर आहे, त्यामुळे ७० वर गेल्यावर तिचा स्कोअर आधी खाली येईल, त्याने घाबरू नका. बाणामागे बघितलं तर ६१० म्हणजे साधारण साडेआठ गुण आणि ६५८ म्हणजे नऊच्या थोडं वर. ऐकायला फरक किरकोळ आहे, पण तो भरून काढायला वर्षं लागतात.

या खेळाचं मला सर्वांत मोठं वाटणारं सुख इथेच आहे. कोण कुणाचा भाचा, कुणाला इंग्रजी येतं, कोण दिसायला कशी, याने स्कोअर बदलत नाही. कोरियात तर टोकियोत तीन सुवर्णं जिंकलेली आन सान पुढच्या चाचण्यांत मागे पडली आणि पॅरिसच्या संघात आली नाही. म्हणून निर्णय सासूबाईंवर, बाबांवर किंवा सरांवरही सोपवू नका. मुलीला एक वही द्या. तीत तिने स्वतः दर आठवड्याचा पूर्ण ७२ बाणांचा स्कोअर लिहायचा, चांगला-वाईट सगळा, स्पर्धेतला वेगळ्या शाईने. पॅनिक बरं झाल्यानंतर वर्षभराने बघा. सरासरी चढते आहे का? सराव आणि स्पर्धा यांतली दरी कमी होते आहे का? वाईट दिवसाचा स्कोअर आधीच्या वाईट दिवसापेक्षा वर आहे का? मी सगळ्यात जास्त किंमत या तिसऱ्या प्रश्नाला देते. वर्षभर प्रामाणिक सराव होऊनही वही जागची हलली नाही, तर तेही तिला दिसेल, आणि ते तिला कुणी सांगावं लागणार नाही.

तोवर दहावी नीट पार पडू दे. त्यानंतर जबलपूरची ट्रायल जरूर द्या. राज्य शासनाची अकादमी आहे, निवड झाली तर राहणं, जेवण, शिक्षण आणि साहित्य यांचा भार तुमच्यावर पडत नाही. आज हा भार फार मोठा आहे: वरच्या दर्जाच्या रिकर्व्हचा पूर्ण संच दोन-तीन लाखांच्या घरात जातो आणि डझनभर बाणच हजारोंत येतात. रात्रीच्या ओव्हरनाइट एक्स्प्रेसने सकाळी जबलपूर, तेव्हा मुलगी डोळ्यांआड झाली असंही नाही. ट्रायलच्या आधी एकदा सहज जाऊन वसतिगृह बघा, तिथल्या मुलींशी लेकीला एकटीला बोलू द्या. मुलींसोबत कोण राहतं, दुखापत झाली तर डॉक्टर कोण, तक्रार करायची तर कुणाकडे, हे तुम्ही स्वतः विचारा. संकोच करू नका. निवड नाही झाली तर इंदूरलाच सराव चालू ठेवून पुढच्या वर्षी पुन्हा.

अकरावीबद्दल मात्र मी कडक आहे. बायो, नीटचा क्लास आणि सहा तास तिरंदाजी, ‘दोन्ही सांभाळू’, हे करू नका. सकाळी मैदान, दुपारी शाळा, संध्याकाळी भंवरकुआँ, रात्री टेस्ट पेपर, यात पोरगी दोन्हीकडे अर्धी राहील आणि दोन्हीकडे स्वतःलाच दोष देत बसेल. बायोची तिला खरंच आवड असेल तर विषय घेऊ दे, क्लास नको. नसेल तर वाणिज्य किंवा कला घेऊन बारावी चांगली करू दे. ती सीबीएसईला असेल तर राष्ट्रीय स्पर्धेच्या तारखा बोर्डाच्या पेपरवर आल्यास नंतर पेपर देण्याची सोय असते, शाळेकडून वेळेत अर्ज करवून घ्या.

बाबांची काळजी शेवटी पोटापाण्याची आहे, तेव्हा त्यांना थोडं व्यवहाराचं सांगते. साताऱ्याच्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिक खेळला, तो सैन्यात आहे. रेल्वे, पोलीस, सार्वजनिक कंपन्या खेळाडूंच्या कोट्यातून भरती करतात. मध्य प्रदेशात कनिष्ठ खेळाडूंना एकलव्य आणि वरिष्ठांना विक्रम पुरस्कार आहे. विक्रम मिळालेल्यांना शासकीय नोकरीचा मार्ग खुला होतो. खेलो इंडियात निवड झाल्यास महिन्याला १०,००० रुपये हातखर्च मिळतो. आणि खेळ थांबला तरी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षक पदविका अभ्यासक्रम आहे. यांतलं काहीही आपोआप मिळत नाही, राष्ट्रीय पातळीवर नाव लागावं लागतं. पण रस्ते आहेत, ते कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवा.

सासूबाईंना एकदा मैदानावर घेऊन जा, एवढंच सांगते. आणि संध्याकाळी ती घरी आली की ‘आज किती लागले?’ हा प्रश्न सगळ्यांनीच बंद करा. वहीत आहे ते.

चष्म्याने काही बिघडत नाही. कोरियाचा इम डाँग-ह्युन याची नजर इतकी कमकुवत होती की समोरचं टार्गेट त्याला पुसट रंगांसारखं दिसे; त्याने लंडन ऑलिम्पिकला ६९९ चा विश्वविक्रम केला. अडचण असते ती फ्रेमची. तिरंदाज मान पूर्ण वळवून नाकाच्या बाजूने बघतो, त्यामुळे नेहमीच्या चष्म्याची नाकाजवळची कड नेमकी नजरेच्या मध्ये येते आणि काचेच्या टोकातून बघितल्याने टार्गेट सरकल्यासारखं वाटतं. नवा चष्मा करताना लेकीला दुकानात धनुष्य ओढल्यासारखी मान वळवून उभी करा आणि त्या स्थितीत काचेच्या मध्यातून दिसेल अशी मोठ्या काचेची फ्रेम निवडा. डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून काँटॅक्ट लेन्सही चालतील, फक्त मोठ्या स्पर्धेच्या आठवड्यात पहिल्यांदा घालू नका. आणि चष्मा नेमका कधी लागला ते आठवून बघा. बाण अडकायला लागला त्याच सुमारास असेल, तर सरांना हेही सांगा.